बोलता बोलता गप्प झालेला रेडिओ

गाडीतल्या रेडिओचे गप्प बसणे तीन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात पडदा काळा पडतो, आकडे जातात, घड्याळ जाते, बटणांमागचे दिवेही जातात. दुसऱ्यात पडद्यावर केंद्राचा आकडा झळकत असतो, घड्याळ चालू असते, पण आवाजाचा पत्ता नसतो. तिसऱ्यात आवाज येतो, पण तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. तिन्हींची कारणे निराळी, शोधायच्या जागा निराळ्या आणि खर्चही निराळा. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे हा प्रकार ओळखणे. प्रत्यक्षात ती पायरी कोणी चढत नाही. रेडिओ थांबल्यापासून साधारण चार सेकंदांत डॅशबोर्डवर तळहात आपटलेला असतो.

या थापेला नावे ठेवण्याची पद्धत आहे. पण तिचे घराणे जुने आहे. १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. मोटर हा शब्द घेतला आणि त्या काळच्या फोनोग्राफांच्या नावांना असायचे तसे ‘ओला’ हे शेपूट जोडले. गॅल्विन यांनी कर्ज मिळावे म्हणून एका बँकवाल्याच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात ती गाडी पेटली, अशी एक कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, कर्ज मिळाले नाही हा तिचा शेवट पटण्यासारखा आहे. त्या काळच्या रेडिओत व्हॉल्व्ह असत आणि त्यांना शंभर-दोनशे व्होल्ट लागत. गाडीची बॅटरी मात्र सहा व्होल्टची. हे गणित जुळवण्यासाठी लवकरच एक गुणगुणणारा पुर्जा आला. त्यातली लोखंडी जीभ सेकंदाला शंभरभर वेळा थरथरे आणि बॅटरीचा प्रवाह तोडून जोडून तो ट्रान्सफॉर्मरला पाजी. ही जीभ अधूनमधून चिकटून बसे. मग वरून एक टपली मारली की सुटे आणि रेडिओ गाऊ लागे. म्हणजे थाप हा तेव्हा रीतसर उपचार होता. पुर्जा गेला, व्हॉल्व्ह गेले, उपचार तेवढा पिढीजात उरला. आजच्या सेटमध्ये थाप कधीमधी लागू पडते ती ‘ड्राय’ झालेल्या जोडामुळे. पट्टीवरच्या डाखाला केसाएवढी चीर गेलेली असते आणि थापेने ती घटकाभर मिटते. थापेने सुरू झालेला रेडिओ पुढच्या गतिरोधकाला पुन्हा बंद पडतो, हे या निदानाचे भक्कम प्रमाण मानावे.

थापेनंतर तपासायच्या गोष्टी अशा की त्यांना दोष म्हणणेही जड जाते. आवाजाची चकती शून्यावर असते. स्टिअरिंगवरचे आवाज बंद करण्याचे बटण वळण घेताना अंगठ्याखाली दाबले गेलेले असते. मागच्या सीटवरून पुढे वाकलेल्या मुलाने रेडिओऐवजी वायरीने जोडायच्या उपकरणाची निवड केलेली असते आणि सेट बिचारा जोडलेल्या नसलेल्या उपकरणाची इमानाने वाट पाहत असतो. आवाजाचा तोल पुढून मागे सरकवलेला असतो. मग मागच्या काचेशी ठेवलेली उशी गाणी ऐकते आणि पुढे शांतता. ब्लूटूथ आल्यापासून यात एका प्रकाराची भर पडली आहे. गाडी फाटकात शिरते न शिरते तोच तिसऱ्या मजल्यावर चार्जिंगला लावलेल्या फोनशी सूत जुळवते आणि रेडिओ सोडून तिकडचे ऐकू लागते. रेडिओ मेला म्हणून खाली हळहळ चालू असते आणि वर फोनवर बोलणाऱ्या बाईंना समोरचा आवाज एकाएकी कुठे गेला, हे कळत नाही.

किल्ली फिरवून इंजिन सुरू करताना रेडिओ क्षणभर गप्प होतो, ही तर योजनाच आहे. त्या वेळी स्टार्टरला बॅटरीची सगळी ताकद लागते, म्हणून किल्लीचे कुलूप इतरांचा पुरवठा तोडते. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि इंजिन चालू झाले की अल्टरनेटर तिला १४ च्या जवळ नेतो. बॅटरी म्हातारी झाली की स्टार्टरच्या झटक्याला ती इतकी खाली बसते की सेट स्वतःचे नावगाव विसरून पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी दोष रेडिओचा नसतो, पण बोलणी तो खातो. कारण बॅटरी बॉनेटखाली असते आणि रेडिओ समोर.

आता काळ्या पडद्याचा प्रकार. यात पहिला संशय फ्यूजवर घ्यायचा. पातीच्या आकाराचे हे फ्यूज रंगावरून ओळखतात: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. त्यांची पेटी बहुतेक गाड्यांत चालकाच्या गुडघ्यापाशी, स्टिअरिंगच्या खाली असते, दुसरी बॉनेटखाली. गुडघ्यापाशीच्या पेटीत पाहण्यासाठी माणसाला दार उघडून, पाठ उंबऱ्यावर टेकवून, मान पेडलांच्या दिशेने आणि पाय रस्त्याच्या दिशेने ठेवावे लागतात. मोबाइलचा टॉर्च दातांत. या आसनात माणूस दिसला की सोसायटीतले निदान दोघे जण थांबतात आणि “काय, बॅटरी उतरली का?” असे विचारतात. दातांत मोबाइल असल्यामुळे उत्तर देता येत नाही, हा या आसनाचा एकमेव फायदा.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. त्यावरची अक्षरे मुंगीला वाचता येतील अशा बेताने छापलेली असतात. मात्र शेजारी विचारले तर काम लवकर होते. रेडिओची आठवण जागी ठेवणारा फ्यूज अनेक गाड्यांत छतावरच्या दिव्याशी वाटून घेतलेला असतो आणि किल्लीवर चालणारा फ्यूज चार्जरच्या भोकाशी, म्हणजे जिथे पूर्वी सिगारेट पेटवायचे त्या जागेशी. छतावरचा दिवा लागत नसेल किंवा चार्जर चालत नसेल, तर रेडिओला हात लावण्याचे कारणच नाही.

या चार्जरच्या भोकाची गोष्ट थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. भोक गिअरच्या पुढे, तोंड वर करून बसवलेले असते. त्याच्या शेजारीच पार्किंगची पावती आणि सुटे पैसे टाकायचा खळगा. भोकाचा व्यास २१ मिलिमीटरच्या आसपास. भोकाच्या तळाशी मधोमध बारा व्होल्टचा ठिपका आणि भोवतीची भिंत म्हणजे अर्थ. २०११ नंतरचे पन्नास पैशांचे नाणे १९ मिलिमीटरचे आहे. ते खळग्यातून घरंगळते, भोकात पडते आणि तिरके होऊन ठिपक्याला व भिंतीला एकदमच टेकते. पुढच्या क्षणी फ्यूज उडतो आणि रेडिओ वाक्याच्या मधोमध थांबतो. पन्नास पैसे हे अजूनही कायदेशीर चलन आहे. पण दुकानदार घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, भिकारी परत देतो. साऱ्या देशात या नाण्याला कामाला लावणारी ही एवढीच जागा उरली असावी. ते बाहेर काढताना चिमटा वापरू नये, निदान किल्ली बंद केल्याशिवाय तरी. स्वस्त चार्जरच्या टोकाची फिरकीची टोपी सुटून भोकातच राहिली, तरी हाच परिणाम होतो. फरक एवढाच, की ती टोपी काळ्या अंधारात काळी दिसते आणि तीन नवे फ्यूज उडाल्यावर सापडते.

उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज लावावा. हे वाक्य प्रत्येक पुस्तिकेत असते आणि पाळले जात नाही, कारण घरात तेवढा नेमका नसतो. मग १५ च्या जागी ३० चा बसतो, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून खोचली जाते. रेडिओ सुरू होतो, कौतुक होते. पुढच्या वेळी मात्र काहीतरी जळायचे ठरले, तर फ्यूज ते काम स्वतःकडे घेत नाही, वायर घेते. डॅशबोर्डच्या आत पेटलेली वायर शोधण्यापेक्षा तालुक्याच्या गावी जाऊन फ्यूज आणणे सोपे असते.

फ्यूज शाबूत असून पडदा काळा असेल, तर वायरी पाहायच्या. बाजारातून घेतलेल्या सेटच्या मागे बहुधा पिवळी वायर कायमच्या पुरवठ्याची, लाल किल्लीवरची आणि काळी अर्थची असते. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर रेडिओ वाजतो, पण किल्ली काढली की सगळे विसरतो. निवडून ठेवलेली केंद्रे, आवाजाची पातळी, घड्याळ यांतले काहीही त्याला आठवत नाही. रोज सकाळी नवा जन्म. काही मालक यालाच रेडिओचा स्वभाव समजतात आणि वर्षानुवर्षे रोज सकाळी केंद्र शोधतात. काळी वायर सैल असेल तर प्रकार आणखी गमतीचा होतो. ब्रेक दाबला की आवाज बसतो, हॉर्न वाजवला की पडदा लुकलुकतो. इंजिनाचा चिरका सूर गाण्यात मिसळून ॲक्सिलरेटरबरोबर वर चढत असेल, तर बहुतेक वेळा अर्थचा जोड गंजलेला किंवा सैल असतो.

वायरींचा विषय निघाला की उंदराचा विषय टाळता येत नाही. पावसाळ्यात आणि थंडीत उभ्या गाडीचे ऊबदार बॉनेट हे उंदरांचे फर्निचरसकट मिळणारे भाड्याचे घर. गणपतीचे वाहन वाहनातच राहायला येते. उंदराला तांब्यात रस नसतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला वायरीवरचे आवरण सोयीचे पडते. त्याने बॉनेटपासून आतपर्यंत वाट काढली की रेडिओ, मागचे दिवे आणि पॉवर विंडो एकाच रात्री बंद पडतात आणि सीटखाली अर्धा कुरतडलेला खाकरा सापडतो. उपाय अनेक आहेत आणि प्रत्येकाचा एक कट्टर पुरस्कर्ता प्रत्येक सोसायटीत असतो. एक जण इंजिनावर तंबाखूची पाने ठेवतो, दुसरा डांबराच्या गोळ्या कापडात बांधून टांगतो, तिसरा बाजारातला फवारा मारतो, चौथा बॉनेटखाली रात्रभर दिवा लावून ठेवतो. गोळ्यांचा वास उंदराला लागतो की नाही याबद्दल मतभेद आहेत. तो एसीतून गाडीत येतो याबद्दल नाहीत. खरा परिणाम दोनच गोष्टींचा होतो: गाडी वरचेवर हलवणे आणि गाडीत खाऊ न सांडणे. घरात लहान मूल असेल तर दुसरी अशक्य आहे.

पडदा उजळलेला आणि आवाजच नाही, या प्रकारात वेळ घालवण्यासारखे फार नाही. एकच स्पीकर गप्प असेल तर बहुधा दाराच्या बिजागरीपाशी वायर तुटलेली असते, कारण दार दिवसात वीस वेळा उघडते आणि प्रत्येक वेळी ती तिथेच वाकते. चारही गप्प असतील तर आतला ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी थांबलेला असू शकतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात ठेववत नाही इतका तापतो, त्यात सेटची स्वतःची उष्णता मिळते. काचा उघडून, सावलीत अर्धा तास उभे राहून पाहावे. स्पीकरची एखादी उघडी वायर पत्र्याला टेकली तरी हे संरक्षण लागू होते. स्पीकरच्या ऋण टोकाला अर्थ समजून बॉडीला जोडणे हा हौशी कारागिराचा लाडका अपराध आहे, आणि त्यात बहुतेक आजच्या सेटचा आयसी जातो.

खरखरीचा प्रकार मात्र ऐसपैस आहे. इथे सेट धडधाकट असतो आणि त्याला ऐकायलाच काही मिळत नसते. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ७५ सेंटिमीटर, म्हणून जुन्या गाड्यांवर हातभर लांब चकाकत्या काठ्या असत. त्या ओढून लांब करता येत, त्यामुळे मुले त्या ओढत. मोडलेल्या काठीच्या जागी छत्रीची काडी खोचण्याची रीत होती आणि ती बऱ्यापैकी चालेही, कारण लहरीला काडी छत्रीची आहे की परदेशी बनावटीची, याच्याशी कर्तव्य नसते. आता छतावर बोटभर लांबीचे शेपूट असते. एवढ्याशा शेपटाला जे ऐकू येत नाही ते भरून काढायला त्याच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला सेटकडून बारा व्होल्ट लागतात. नवा सेट बसवताना ती एक वायर, बहुधा निळी, जोडायची राहिली की कारखान्यातला सेट ऐकत होता ते नवा महागडा सेट ऐकत नाही. मालक सेट परत करायला निघतो. याहून सोपे कारण म्हणजे गाडीवर कव्हर घालताना शेपूट आडवे येते, म्हणून फिरवून काढलेले असते आणि डिक्कीत, स्टेपनीच्या खळग्यात, जॅकच्या शेजारी निवांत पडलेले असते.

ॲंटेना जागेवर असूनही रेडिओ जातो तो भूगोलामुळे. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सह्याद्री वाकून त्यांना वाट देत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात शिरताच आवाज जातो, तेव्हा नवा चालक बटणे दाबू लागतो आणि बोगदा संपेपर्यंत त्याने सगळी निवडलेली केंद्रे पुसून टाकलेली असतात. घाटात तर वेगळीच करामत असते. ९१.१, ९३.५ आणि ९८.३ या जागांवर मुंबईतही खासगी केंद्रे आहेत आणि पुण्यातही. एफएमचा संच दोन आवाज मिसळत नाही. जो जोरकस तो घेतो आणि दुसऱ्याला पार दाबून टाकतो. खंडाळ्याच्या वळणांवर ही कुस्ती डावी-उजवीकडे चालू राहते. ठाण्यातल्या टू बीएचकेची जाहिरात एका वळणावर सुरू होते आणि पुढच्या वळणावर ती हिंजवडीतल्या टू बीएचकेची झालेली असते. निवेदक बदलतो, जाहिरातीतल्या पुलाचे नाव बदलते. ‘मोजकेच फ्लॅट शिल्लक’ हे तेवढे दोन्हीकडे सारखे असते. हा बिघाड नव्हे, पण घाटात गाडी बाजूला लावून तो दुरुस्त करणारे लोक आहेत.

मध्यम लहरींचे असे नाही. त्या जमिनीला धरून लांबवर जातात. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर घाट ओलांडूनही ऐकू येई आणि रात्री आकाशातून परतणाऱ्या लहरींबरोबर भलत्याच देशांची भाषणेही येत. पण त्यांना कसलाही धक्का सोसत नाही. विजेच्या तारेखालून गेले की गुरगुर, स्कूटर शेजारून गेली की तडतड, समोरच्या दुकानाची ट्यूब लागली की घरघर. जुन्या पेट्रोल इंजिनाचा स्पार्कसुद्धा त्यात टिकटिकत असे. विजेवरच्या काही गाड्यांच्या कंपन्यांनी तर मोटरच्या विद्युत गोंगाटापुढे हात टेकून मध्यम लहरीच काढून टाकल्या. त्या गाडीत बसून मध्यम लहरी शोधणाऱ्या आजोबांना ‘सेट बिघडलाय’ एवढेच उत्तर घरातून मिळते.

एवढे करूनही रेडिओ बोलत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जायचे. त्याच्याकडे महागड्या मीटरच्या आधी एक इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी आणि टोकाला शिवणाची सुई असते. तो सेट अर्धा बाहेर ओढतो, एक वायर पत्र्याला लावतो, सुई पिवळीवर टेकवतो. बल्ब लागतो. “सप्लाय आहे.” मग लालवर. लागतो. मग तो मान वर करून तो प्रश्न विचारतो जो सगळ्यात आधी विचारायला हवा होता: “साहेब, याच्या आधी गाडीत काही काम केलं होतं का?”

“नाही हो, काहीच नाही.”

तो बल्ब काळ्या वायरीकडे नेतो. दोन मिनिटे जातात. मग मालकाला आठवते: गेल्या रविवारी मागचा कॅमेरा बसवला. त्याआधी कर्कश हॉर्न. आणि दिवाळीत पायांपाशी निळे दिवे. इलेक्ट्रिशियन काही बोलत नाही. तो कॅमेऱ्याची वायर जिथे रेडिओच्या अर्थच्या स्क्रूखाली कोंबली होती तिथला स्क्रू पिळतो.

नव्या गाड्यांत स्क्रूला फारसा वाव नाही. रेडिओ, नकाशा, एसी आणि गाडीचे दार उघडे असल्याची तक्रार हे सगळे एकाच पडद्यावर आलेले आहे आणि पडदा गोठला की सगळे एकदम गोठते. यावर सर्व्हिस सेंटरचा उपाय म्हणजे चालू-बंदचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरणे. नाहीच जमले तर बॅटरीचे ऋण टोक सोडून काही मिनिटांनी पुन्हा लावणे. हा थापेचाच सुधारलेला अवतार आहे, फक्त तळहाताऐवजी अंगठा लागतो. काही गाड्यांत बॅटरी सोडल्यावर सेट चोरीचा आहे की काय असा संशय घेऊन चार आकडी संकेत मागतो. तो संकेत एका छोट्या कार्डावर छापलेला असतो. कार्ड गाडीच्या पुस्तिकेत असते, पुस्तिका पहिल्या मालकाकडे. आकडे अंदाजाने टाकत राहिल्यास सेट रुसतो आणि प्रत्येक चुकीनंतर जास्त वेळ थांबायला लावतो.

सारे सुरळीत झाले, आवाज आला, केंद्रे पुन्हा शोधून झाली, की पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उरते. बॅटरी सुटली तेव्हा ते बारा वाजून शून्य मिनिटांवर गेलेले असते आणि तिथून पुढे चालू लागलेले असते. ते लावण्यासाठी कोणती दोन बटणे एकदम दाबायची हे पुस्तिकेतच लिहिलेले असते. त्यामुळे सकाळी सव्वानऊला कामावर निघालेल्या गाडीत घड्याळ दुपारचे पावणेचार दाखवते. घरातले सगळे आकड्यातून साडेसहा तास वजा करायला शिकतात आणि लिफ्ट मागून बसलेला पाहुणा दचकतो.